क्लोरीन वापरायचा तर मोजून: स्वभाव, द्रावण, मात्रा आणि सावधगिरी

पाण्यात क्लोरीन किती टाकला हे बहुतेकांना सांगता येतं. अर्ध्या तासाने त्यातला किती उरला, असं विचारलं की उत्तर मिळत नाही. कामाचा आकडा मात्र हा दुसराच आहे. क्लोरीन अत्यंत क्रियाशील अधातू असल्यामुळे पाण्यात जे पहिलं समोर येईल त्याच्याशी त्याची अभिक्रिया होते, मग तो रोगजंतू असो, कुजलेला पाला असो की विरघळलेलं लोह. ज्यासाठी टाकला तिथपर्यंत तो पोहोचला का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. खाली आधी त्याचा स्वभाव सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी त्या स्वभावातून आलेली आहे.

इतका क्रियाशील का?

क्लोरीनचा अणुअंक १७. त्याच्या सर्वांत बाहेरच्या कवचात ७ इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे अष्टक पूर्ण व्हायला एक कमी. तो एक मिळवण्याची ओढ विलक्षण आहे. वायुरूप अणूने एक इलेक्ट्रॉन स्वीकारला की किती ऊर्जा बाहेर पडते, या मोजमापात सगळ्या मूलद्रव्यांत क्लोरीन पहिला येतो, मोलमागे सुमारे ३४९ किलोज्यूल. फ्लोरीनही या बाबतीत त्याच्या मागे आहे. प्रत्यक्ष अभिक्रियांत फ्लोरीन जास्त आक्रमक ठरतो, कारण त्याच्या रेणूतला बंध चटकन तुटतो आणि नवे बंध फार मजबूत होतात.

इलेक्ट्रॉन मिळाला की क्लोरीनचं क्लोराइड होतं आणि सगळी आक्रमकता संपते. मिठाच्या वजनातला सुमारे ६० टक्के भाग हे शांत क्लोराइडच आहे. निसर्गात क्लोरीन मोकळा सापडत नाही तो याचमुळे. १७७४ मध्ये कार्ल शील या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने मँगनीज डायऑक्साइडवर हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया करून हा हिरवट-पिवळा वायू मिळवला, पण ते मूलद्रव्य आहे हे ठामपणे सांगितलं १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने.

वायूचे दोन गुण लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. तो हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड असतो, त्यामुळे खाली बसतो, खोलगट जागी साचतो. आणि उणे ३४ अंश सेल्सिअसला त्याचा द्रव होतो, म्हणून दाबाखाली सिलिंडरमध्ये भरता येतो. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत तो तसाच येतो. घरी किंवा छोट्या वस्तीसाठी वायूच्या वाटेला जायचं काही कारण नाही, आणि या लेखातही पुढे सिलिंडरचा विषय नाही.

पाण्यात क्लोरीन विरघळला की हायपोक्लोरस आम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. जंतू मारण्याचं खरं काम हायपोक्लोरस आम्ल करतं. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो जंतूच्या पेशीभित्तिकेतून सहज आत शिरतो आणि आतल्या प्रथिनांची, विकरांची मोडतोड करतो. (आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी नेमकं हेच आम्ल तयार करून जंतूंना मारतात, कारखान्यांच्या कितीतरी आधी शरीराला ही युक्ती ठाऊक होती.) पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) वाढला की या आम्लाचं हायपोक्लोराइट आयनात रूपांतर होतं, आणि तो आयन फारच मंद काम करतो. पीएच ७.५ ला दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे असतात, ६.५ ला सुमारे ९० टक्के आम्ल, तर ८.५ ला उलट, आम्ल जेमतेम १० टक्के. एकच मात्रा एका विहिरीला पुरते आणि दुसरीला पुरत नाही, त्यामागे बरेचदा पीएच असतो.

पाण्याबाहेरचे उपयोग, थोडक्यात

क्लोरीन म्हटलं की पाणी आठवतं, पण जगात तयार होणाऱ्या क्लोरीनचा सर्वांत मोठा वाटा पीव्हीसी प्लॅस्टिकमध्ये जातो. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन मिळतो आणि सोबत प्रत्येक टनामागे साधारण १.१ टन कॉस्टिक सोडाही मिळतो, त्यामुळे हे दोन उद्योग जोडीनेच चालतात. पॉलियुरेथेन फोम, पॉलिकार्बोनेट, रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड, संगणकाच्या चिपसाठी लागणारं अतिशुद्ध सिलिकॉन हे सगळं बनवताना क्लोरीन मध्येच येतो आणि शेवटच्या वस्तूत बहुधा उरतही नाही. कागद आणि कापड पांढरं करण्याचा उपयोग तर अठराव्या शतकापासूनचा. १७९९ मध्ये चार्ल्स टेनंटने ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं ते याच कामासाठी.

पिण्याच्या पाण्यात सातत्याने क्लोरीन घालण्याची सुरुवात त्यामानाने उशिरा झाली. १९०५ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन शहरात विषमज्वराची साथ आली तेव्हा आणि १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीत, हे दोन महत्त्वाचे टप्पे. आता प्रत्यक्ष कामाकडे.

पायरी पहिली: हातात काय आहे ते ओळखा

बाजारात क्लोरीन मुख्यतः तीन रूपांत मिळतो. ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर तिच्यात २५ ते ३५ टक्के सक्रिय क्लोरीन असतो. जास्त ताकदीचं कॅल्शियम हायपोक्लोराइट दाणेदार किंवा गोळ्यांच्या रूपात येतं, त्यात ६५ ते ७० टक्के. आणि सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, म्हणजे घरगुती लिक्विड ब्लीच, त्यात साधारण ३ ते ६ टक्के, काहींत त्याहून जास्त.

बाटलीवरचा आकडा बाटली भरली त्या दिवसाचा असतो. उष्णतेने, उजेडाने आणि नुसत्या काळानेही द्रावणाची ताकद घटत जाते. उघडी राहिलेली ब्लीचिंग पावडर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, तिचे खडे होतात आणि शेवटी चुन्याची भुकटी उरते. म्हणून खरेदी करताना सवलतीपेक्षा उत्पादनाची तारीख पाहा. पिण्याच्या पाण्यासाठी सुगंधी, फेसाळ किंवा घट्ट केलेलं ब्लीच कधीही चालत नाही. लेबलवर सोडियम हायपोक्लोराइटशिवाय साबण किंवा अत्तर दिसलं, तर ती बाटली फरशीसाठी ठेवा. जलतरण तलावासाठीच्या गोळ्याही पिण्याच्या पाण्यात टाकू नयेत. त्यांत इतर पदार्थ असू शकतात.

पायरी दुसरी: १ टक्क्याचं द्रावण

पावडर थेट टाकीत टाकण्याची सवय सर्रास दिसते. त्याने मात्रा चुकते, चुन्याचा गाळ टाकीत बसतो आणि एका कोपऱ्यात क्लोरीन जास्त तर दुसऱ्यात शून्य अशी गत होते. त्याऐवजी आधी १ टक्क्याचं द्रावण करा. १ टक्का म्हणजे लिटरमध्ये १० ग्रॅम, म्हणजेच प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम सक्रिय क्लोरीन. पुढचे सगळे हिशेब यावरून सोपे होतात.

एक लिटर द्रावणासाठी ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर ३० ग्रॅम लागते, २५ टक्क्यांची असेल तर ४० ग्रॅम, ७० टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर साधारण १४ ग्रॅम. लिक्विड ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर २०० मिलिलिटर घेऊन त्यात पाणी घालून एकूण एक लिटर करा.

भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं घ्या, धातूचं नको. हातमोजे आणि चष्मा घाला, खिडक्या उघडा. आधी भांड्यात पाणी घ्या आणि पावडर त्यात थोडी-थोडी सोडा. पावडरवर पाणी ओतू नका, ती उडते आणि तापते. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या दांडीने ढवळा, मग हात न लावता निवळू द्या. वरचं नितळ पाणी म्हणजे आपलं द्रावण. तळाचा पांढरा गाळ टाकून द्या, त्यात कामाचं काही नाही. द्रावण रंगीत, अपारदर्शक बाटलीत, थंड जागी ठेवा, बाटलीवर तारीख लिहा आणि आठवड्याभरात संपवा.

पायरी तिसरी: पाणी आधी निवळ करा

गढूळ पाण्यात क्लोरीन टाकणं म्हणजे तो मातीला आणि पाल्याला खाऊ घालणं. शिवाय मातीच्या कणांत जंतू लपून बसतात आणि क्लोरीन तिथे पोहोचत नाही. पाणी स्थिर ठेवून, तुरटी फिरवून किंवा दाट कापडातून गाळून आधी स्वच्छ करा. गढूळपणा ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत हवा, १ च्या आत असेल तर उत्तम. मोजायचं यंत्र नसेल तर बादलीतलं पाणी डोळ्यांना नितळ दिसेपर्यंत थांबा. हा ढोबळ अंदाज आहे, पण काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरा.

पायरी चौथी: मात्रा ठरवा

पाण्यातल्या इतर गोष्टी जेवढा क्लोरीन गिळतात त्याला त्या पाण्याची क्लोरीनची मागणी म्हणतात. मागणी भागल्यावर जो शिल्लक राहतो तो मुक्त अवशिष्ट क्लोरीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पीएच ८ च्या खाली असताना, किमान ३० मिनिटांनंतर, लिटरमागे निदान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवा, आणि नळाशी पोहोचेपर्यंत तो ०.२ च्या खाली जाऊ नये.

तुमच्या पाण्याची मागणी कोणत्याही तक्त्यात लिहिलेली नसते, ती काढावी लागते. पद्धत अशी: प्लॅस्टिकच्या चार बादल्यांत प्रत्येकी २० लिटर तेच पाणी घ्या. १ टक्क्याचं द्रावण सुई नसलेल्या सिरिंजने पहिल्या बादलीत १ मिलिलिटर, दुसरीत १.५, तिसरीत २ आणि चौथीत २.५ घाला. ढवळा, झाका, ३० मिनिटं थांबा. पाणी फार थंड असेल तर तासभर. मग प्रत्येक बादलीतला मुक्त क्लोरीन मोजा.

समजा पहिल्या दोन बादल्यांत जवळपास शून्य आलं, तिसरीत ०.३ आणि चौथीत ०.५. मग चौथी मात्रा आपली: २० लिटरला २.५ मिलिलिटर, म्हणजे १००० लिटरच्या टाकीला १२५ मिलिलिटर. चारही बादल्या शून्यावर राहिल्या तर मात्रा दुप्पट करून पुन्हा करा. तरीही शून्यच आलं तर द्रावण मेलेलं आहे किंवा पाण्यात सेंद्रिय घाण फार आहे. अशा वेळी आणखी क्लोरीन ओतत बसण्यापेक्षा त्या दोन गोष्टी तपासा. पावसाळ्यानंतर, पूर आल्यावर किंवा पाण्याचा स्रोत बदलल्यावर ही चाचणी नव्याने करायलाच हवी.

इथे एक चकवा आहे. पाण्यात अमोनिया असेल (सांडपाणी मिसळलं की असतोच) तर क्लोरीन त्याच्याशी जुळून क्लोरामाइन तयार करतो. सुरुवातीला एकूण क्लोरीन वाढताना दिसतो, मग आणखी टाकल्यावर तो चक्क घटतो, कारण जादा क्लोरीन त्या क्लोरामाइनचाच नाश करत असतो. तो टप्पा ओलांडला की पुढे टाकलेला क्लोरीन मुक्त स्वरूपात उरू लागतो. या वळणाला ब्रेकपॉइंट म्हणतात. जास्त टाकूनही आकडा खाली का गेला, म्हणून गोंधळलेले लोक इथेच अडकलेले असतात.

आणीबाणीत बादल्या आणि सिरिंज नसतील तर ५ ते ६ टक्क्यांच्या साध्या ब्लीचचे लिटरमागे २ थेंब, गढूळ पाण्याला ४, आणि ३० मिनिटं थांबायचं. ही मात्रा मुद्दाम जास्त धरलेली आहे, कारण पाणी अनोळखी असतं. रोजच्या वापरासाठी ती नव्हे.

मोजताना होणाऱ्या गफलती

डीपीडी चाचणी सर्वांत भरवशाची. पाण्यात गोळी किंवा पूड टाकली की गुलाबी रंग येतो, तो रंगपट्टीशी जुळवायचा. पहिली गोळी मुक्त क्लोरीन दाखवते, त्यात पुढची गोळी टाकली की एकूण क्लोरीन. दोन्हींतला फरक म्हणजे क्लोरामाइनसारखा बांधलेला क्लोरीन. रंग पहिल्या मिनिटाच्या आसपास वाचा, नंतर तो आपोआप गडद होतो.

पिवळा रंग देणारी जुनी ओटी चाचणी अजून अनेक ठिकाणी वापरात आहे. ती मुक्त आणि बांधलेला क्लोरीन नीट वेगळा करत नाही आणि तिच्यातलं ऑर्थोटोल्युइडिन आरोग्याला घातक मानलं जातं. मिळत असेल तर डीपीडीच घ्या.

डीपीडीतही एक धोका आहे. पाण्यात क्लोरीन फारच जास्त असेल तर तो गुलाबी रंगच उडवून टाकतो आणि निकाल शून्य दिसतो. त्यावर विश्वास ठेवून कुणी आणखी क्लोरीन ओतला तर काय होईल ते सांगायला नको. शून्य आलं आणि शंका वाटली तर एक भाग नमुन्यात नऊ भाग क्लोरीनविरहित पाणी घालून पुन्हा मोजा. आणि वासावरून अंदाज बांधू नका. जलतरण तलावाचा तो ओळखीचा उग्र वास प्रामुख्याने क्लोरामाइनचा असतो, आणि बरेचदा त्याचा अर्थ मुक्त क्लोरीन कमी पडतोय असा होतो.

टाकी निर्जंतुक करणं

नवी टाकी, दुरुस्त केलेली किंवा पुराचं पाणी शिरलेली टाकी असेल तर रोजची मात्रा पुरत नाही. आधी टाकी रिकामी करून गाळ काढा, भिंती ब्रशने घासा. भिंतींवरचा बुळबुळीत थर नुसत्या क्लोरीनने जात नाही, घासावाच लागतो. मग टाकी स्वच्छ पाण्याने भरत लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन होईल असं द्रावण घाला. १००० लिटरसाठी हे ५० ग्रॅम सक्रिय क्लोरीन, म्हणजे ५ टक्क्यांचं ब्लीच १ लिटर, किंवा ३३ टक्क्यांची पावडर १५० ग्रॅम पाण्यात विरघळवून, निवळून. नळ उघडून पाइपांतही हे पाणी येऊ द्या, मग नळ बंद करून २४ तास ठेवा. ते पाणी कुणीही पिऊ नये, म्हणून नळांवर चिठ्ठ्या लावा. नंतर सगळं सोडून द्या, पण तळ्यात किंवा ओढ्यात नाही. ताज्या पाण्याने भरून मुक्त क्लोरीन मोजा. ०.५ च्या आसपास आला की वापर सुरू.

बंदिस्त टाकीत घासायला उतरताना आत क्लोरीन टाकलेला नसावा, झाकण पूर्ण उघडं असावं आणि बाहेर एक माणूस लक्ष ठेवून उभा असावा.

फरशी, भांडी, कपडे

पृष्ठभागासाठी साधारण ०.१ टक्क्याचं द्रावण पुरतं, रक्त किंवा शरीरद्रव सांडलं असेल तर ०.५ टक्के. हिशेब सोपा आहे: हातातल्या द्रावणाची टक्केवारी हव्या त्या टक्केवारीने भागा आणि एक वजा करा, तेवढे भाग पाणी. ५ टक्क्यांच्या ब्लीचचं ०.५ टक्के करायला १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाणी, ०.१ टक्क्यासाठी १ भागाला ४९ भाग. आधी साबणाने घाण काढून जागा धुवा, मग हे द्रावण लावून १० मिनिटं ओलं ठेवा, मग पुसा. लगेच पुसलं तर नुसता वास येतो, काम होत नाही. स्टीलवर जास्त वेळ राहू दिलं तर खड्डे पडतात. लोकर, रेशीम आणि लवचीक धाग्याचे कपडे क्लोरीनने पिवळे पडतात, झिजतात. त्यांना तो लावूच नका.

१८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचं १० टक्क्यांच्या पुढे गेलेलं मृत्युप्रमाण काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आलं. रोग जंतूंमुळे होतात हे तेव्हा कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. आज मात्र त्वचेवर हे द्रावण रोज वापरण्याची गरज नाही, साबण पुरेसा आहे.

काय कधीच करायचं नाही

ब्लीच आणि आम्ल एकत्र आणू नका. संडास साफ करायचं आम्ल, टाइल्सचे डाग काढणारं द्रव, व्हिनेगर, यांपैकी काहीही ब्लीचमध्ये पडलं की क्लोरीन वायू मोकळा होतो. दोन्ही वापरून डबल सफाई होईल असं वाटून लोक बंद न्हाणीघरात हेच करतात. अमोनिया असलेल्या काच-साफ द्रवाबरोबर विषारी क्लोरामाइनची वाफ येते. स्पिरिट किंवा सॅनिटायझरबरोबर क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होऊ शकतात. कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि तलावात वापरतात त्या ट्रायक्लोर गोळ्या एकाच डब्यात किंवा एकाच ओल्या चमच्याने कधी हाताळू नका. त्यांतून आग लागते, स्फोटही होतो. कोरड्या पावडरजवळ तेल, इंधन, चिंध्या ठेवू नका.

वायू सुटलाच तर शूरपणा न करता बाहेर पडा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला आणि उंच जागी जा. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला तेव्हा तो जड वायू नेमका खंदकांत उतरला होता. म्हणजे तळघरात किंवा जमिनीवर आडवं होणं हा बचाव नव्हे. डोळे चुरचुरत असतील तर साध्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, कपडे बदला. श्वासाचा त्रास असेल तर ताबडतोब डॉक्टरांकडे. फुप्फुसांत पाणी भरण्याचा प्रकार काही तासांनी उद्भवू शकतो, त्यामुळे आता बरं वाटतंय म्हणून घरी बसू नका. द्रावण पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका.

क्लोरीनला न जमणारी कामं, आणि तो काढायचा कसा

क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीचं कवच नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही. तिथे पाणी उकळणं किंवा बारीक गाळणी हाच मार्ग. आर्सेनिक, नायट्रेट, फ्लोराइड यांच्यापासून क्लोरीन पाणी मुक्त करत नाही. पाण्यात लोह असेल तर क्लोरीनने ते तांबूस होऊन खाली बसतं. बघायला वाईट दिसतं, पण ती अभिक्रिया अपेक्षितच आहे.

पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनची अभिक्रिया होऊन ट्रायहॅलोमिथेन ही आरोग्याला घातक ठरू शकणारी संयुगं तयार होतात, हे १९७४ मध्ये योहानेस रूक या डच शास्त्रज्ञाने दाखवलं. त्यांचं प्रमाण कमी ठेवायला हवं, आणि त्याचा मार्ग म्हणजे पायरी तिसरी: पाणी आधी निवळ करणं. त्या भीतीने निर्जंतुकीकरणच थांबवणं हा उलटा व्यवहार, कारण दूषित पाण्याचा धोका कितीतरी मोठा आणि ताबडतोबीचा असतो.

मासे पाळत असाल तर नळाचं पाणी थेट टाकू नका, त्यांच्या कल्ल्यांना क्लोरीन घातक आहे. रुंद तोंडाच्या भांड्यात २४ तास उघडं ठेवलं की मुक्त क्लोरीन बराचसा निघून जातो, क्लोरामाइन मात्र जात नाही. त्यासाठी दोन्हींवर चालणारं जलशोधक द्रव लागतं. सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक मुक्त क्लोरीन झटपट संपवतात. पिण्याच्या पाण्याचा वास खटकत असेल तर सक्रिय कोळशाची गाळणी उपयोगी, पण तिने संरक्षक क्लोरीनही काढून टाकलेला असतो. ते पाणी साठवून न ठेवता त्याच दिवशी प्या.

शेवटी राहते जुनी बाटली. तारीख उलटून गेलेलं ब्लीच पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नका, कारण त्याची ताकद किती उरली हे लेबल सांगू शकत नाही. ते भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडा, आणि त्या मोरीत नुकतंच आम्ल ओतलेलं नाही ना, तेवढं आधी पाहा.